दोन बापांचं पथ्य

जुळं झालं तेव्हा गावाने एलिसेओ तामानीचं अभिनंदन केलं आणि लगोलग दुसऱ्याचंही उरकून टाकावं म्हणून दुसरा कोण ते विचारलं.

विचारण्यात वाईट काही नव्हतं. पेरूच्या जंगलातल्या मारान्योन नदीच्या त्या काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की एका पुरुषापासून एका वेळी एकच मूल होतं. दोन झाली म्हणजे पुरुष दोन. एलिसेओही लहानपणापासून हेच मानत आला होता आणि दुसऱ्यांच्या जुळ्यांच्या वेळी पोट धरून हसला होता, त्यामुळे आता तक्रारीला तोंड नव्हतं.

आधी मुलगी आली, तिच्या पाठोपाठ मुलगा. मुलीचे कान एलिसेओसारखे सुपाएवढे होते.

"ही माझी," एलिसेओ म्हणाला.

"कानांवर जाऊ नका जावईबापू," सासू म्हणाली. "निम्म्या गावाचे कान असेच आहेत." सासूचं नाव ऑर्फेलिंदा. घर तिचं, होडी तिची, केळीची बाग तिची, आणि निकालही तिचाच.

"मग मुलगा कुणाचा?" एलिसेओने बायकोला विचारलं.

निल्दा बाळंतपणाने अर्धमेली झाली होती, पण जीभ शाबूत होती. "मला काय विचारतोस? पोटात मी होते का?"

त्या दुसऱ्याचं डोकं फोडायचं हे एलिसेओने तिथल्या तिथे ठरवलं. अडचण एवढीच, की फोडता येत नव्हतं. बाळाची हाडं धरेपर्यंत बापाला पथ्य असतं. शिकार करायची नाही, झाड पाडायचं नाही, दात असलेला मासा खायचा नाही, फुटबॉलला लाथ मारायची नाही, कारण ती लाथ जाऊन बाळाच्या पोटात बसते. आणि कुणावर हात तर मुळीच उचलायचा नाही. पथ्यात बाप ज्याला मारतो ते बाळाच्या अंगात शिरतं. त्याला कुतिपा लागणं म्हणतात. नदीच्या पलीकडच्या वळणावर एकाने पथ्यात कासव मारलं होतं. त्याच्या पोराला आता मिसरूड फुटलंय, पण न्याहारीला बसला की उठेपर्यंत संध्याकाळ होते.

तेव्हा गावातला सगळ्यात नेमबाज शिकारी ओट्यावरच्या झुल्यात पडून उकडलेली केळी खात राहिला, आणि माणसांकडे बघवत नव्हतं म्हणून झाडाकडे बघत राहिला.

घरासमोरच्या शेंगांच्या झाडावर पिचिकोंचं एक कुटुंब रोज सकाळी यायचं. पिचिको म्हणजे मूठभर माकड. अंग खारीएवढं, नखं मांजरासारखी, तोंडाभोवती पांढरी मिशी, आणि चेहऱ्यावर सरकारी माणसाचा त्रासिकपणा. एलिसेओने आजवर पिचिकोकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण त्यात खाण्यासारखं काही नसतं. आता रिकामपणी नीट पाहिलं आणि त्याच्या घशात केळं अडकलं.

बायको एक होती, नवरे दोन होते आणि पिल्लं जुळी होती.

पिल्लं म्हणजे तरी काय, दोघांचं मिळून वजन आईच्या पाचव्या हिश्शाएवढं. आई त्यांना दूध पाजायची आणि पाजून झालं की चावून पाठीवरून हाकलायची. लगेच दोन्ही नर पाठ पुढे करून हजर. एकाच्या पाठीवर एक, दुसऱ्याच्या पाठीवर एक. दिवसभर तेच ओझं घेऊन उड्या मारायचे, नाकतोडे पकडायचे, आणि पकडलेला नाकतोडा स्वतः न खाता पिल्लांपुढे धरायचे. कधी पिल्लांची अदलाबदल करायचे. कुठलं कुणाचं हा प्रश्न त्या झाडावर कुणालाच पडत नव्हता. दुपारी दोघे नर एकाच फांदीवर बसून एकमेकांच्या उवा काढायचे. हे पाहून एलिसेओची सगळ्यात जास्त जळायची.

बाकी कुटुंब प्रेमळ होतं असंही नाही. थोरल्या लेकीचंही पोट पुढे आलं होतं. त्या घरात बाळंत व्हायचा मान एकटीचाच, हे त्या लेकीला बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी ती झाडाच्या ढोलीतून पोटाशी ओलं पिल्लू धरून बाहेर आली. आई तिच्याजवळ गेली, तिच्या मानेवरचे केस मायेने विंचरले, मग ते पिल्लू ओढून घेतलं आणि त्याची कवटी दाताने फोडली. अर्धं खाल्लं, अर्धं खाली टाकलं. खालचं मुंग्यांनी नेलं. दुसऱ्या दिवशी तीच लेक आईचं पिल्लू पाठीवर घेऊन शेंगा खात होती, जणू काही झालंच नाही.

एलिसेओने वळून सासूकडे पाहिलं. ती कोंबडीची मान पिरगाळत होती.

"काय बघताय जावईबापू?"

"काही नाही सासूबाई."

मग तो दिवस आला. विलेर मुरायारी नावाचा एक टवाळ गडी होडी घेऊन समोरून चालला होता. तो वल्हं थांबवून ओरडला, "एलिसेओ, सापडला का रे दुसरा? का तो अजून यायचाय, आणि तिसऱ्याला घेऊन येणाराय?"

होडीतली बाकीची माणसं इतकी हसली की होडीत पाणी शिरलं. त्याच क्षणी समोरच्या फांदीवर एक नर दुसऱ्या नराच्या मिशीतली ऊ काढत होता. केळी ठेचायचं जाड लाकडी मुसळ एलिसेओच्या हाताशी होतं. त्याने ते फेकलं. त्याला नुसतं घाबरवायचं होतं. पण त्याच्या हाताला चुकायची सवय नव्हती.

पिचिकोचं डोकं शेंगेसारखं उकललं. तो खाली पडला, आणि त्याच्या पाठीवरचं पिल्लू तसंच चिकटून खाली आलं. मेलेल्याची मान धरून ते शिट्टीसारखं बारीक ओरडत राहिलं. दुसरा नर, ज्याची जात सहसा जमिनीला पाय लावत नाही, तो खोडावरून सरसर उतरला. एलिसेओ चार हातांच्या अंतरावर उभा होता, हातात आता काही नव्हतं, आणि ते वीतभर माकड त्याच्याकडे बघून दात विचकत थुंकलं. मग त्याने पाठ खाली केली. पिल्लू मेलेल्यावरून जिवंतावर चढलं. पाठीवर दोन पिल्लं घेऊन तो वर गेला, तेव्हा प्रत्येक फांदीवर थांबत गेला.

होडीतली माणसं पाणी उपसण्यात गुंतली होती, त्यामुळे पाहिलं कुणी नव्हतं. एलिसेओने मेलेला पिचिको केळीच्या खुंटाखाली पुरला आणि मुसळ नदीत धुतलं. रात्री सासूने त्याच मुसळाने केळी ठेचली.

दोन दिवसांनी मुलाने दूध सोडलं. तो बारीक शिट्टीसारखा ओरडायला लागला. निल्दाचे केस मुठीत धरायचा ते सोडायचा नाही, बोटं उलगडली तर रक्त येईपर्यंत ओरबाडायचा. हिरड्या विचकायचा. मुलगी शेजारी निवांत झोपली होती.

म्हातारा रुपेर्तो आला. गावात आजार झाला की त्यालाच बोलावतात. त्याने मुलाच्या टाळूवर तंबाखूचा धूर फुंकला, पोटाला कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"पिचिको आहे. नर. कुणी मारला?"

सगळ्यांनी एलिसेओकडे पाहिलं.

"मी तर झुल्यात होतो," एलिसेओ म्हणाला. एवढं खरंच होतं.

"मग दुसऱ्याने मारला," ऑर्फेलिंदा म्हणाली. "म्हणजे मुलगा दुसऱ्याचा. मी म्हणतच होते."

"ज्याने मारला त्यानेच त्या पिचिकोचे केस जाळून पोराला धुरी द्यायची," रुपेर्तो म्हणाला. "आणखी कुणाची धुरी लागू पडत नाही. आणि लवकर करा. हा उद्याचा सूर्य बघेलसं वाटत नाही."

एलिसेओच्या ओठांवर शब्द आला होता, पण त्याआधी हिशेब आला. आपण मारला म्हटलं तर आजारी पडला तो आपला. मग जी आजारी पडली नाही ती आपली नाही. सुपाएवढ्या कानांची ती मुलगी, जिला तो पहिल्या दिवसापासून छातीवर घेऊन झोपत होता, ती गेली. गप्प बसलं तर मुलगी आपली, पण मुलगा मरतो. बोललो तर ही जाते, न बोललो तर तो जातो.

त्याने तिसरी वाट शोधली. मुलगीही आजारी पडली तर दोघंही आपलीच! तो तिच्या शेजारी बसला आणि ती कधी ओरबाडते याची वाट बघू लागला. तिने ढेकर दिली आणि हसली. इतक्या ठणठणीत मुलीचा इतका राग कुठल्याच बापाला कधी आला नसेल.

तोवर ऑर्फेलिंदा वल्हं घेऊन फुटबॉलच्या मैदानावर गेली होती. गावातले सगळे पुरुष दुपारी तिथे असतात. तिने चेंडू पायाखाली दाबला.

"पिचिको कुणी मारला?"

कुणीच मारला नव्हता.

"माझ्या लेकीजवळ कोण गेला होता?"

तिथेही कुणी गेलेलं नव्हतं. पण विलेर हसला. ऑर्फेलिंदाने वल्ह्याचं पातं त्याच्या तोंडावर घातलं, आणि त्याचे दोन दात गोलच्या दिशेने गेले. विलेरच्या भावाने तिला धरलं, म्हणून तिच्या भाच्याने विलेरच्या भावाला दगड घातला. मग कुणीतरी कुणाच्या तरी बायकोचं नाव घेतलं आणि जुनी सगळी येणी एकदम वसूल व्हायला लागली. एकाचा कान फाटला. एकाचा हात कोपरातून उलटा वळला आणि तो त्याच हाताने दुसऱ्याला मारायला बघत होता. कोयते निघाले. आरडाओरडा ऐकून आलेला एलिसेओ मधोमध उभा होता, हात मागे बांधून. लोक त्याच्या अंगावर आदळत होते आणि तो "माफ करा, मला पथ्य आहे" म्हणत होता.

दात गेलेला विलेर गवतात बसून रक्त थुंकत होता. तो अचानक म्हणाला, "दोल्मर कुठाय?"

मारामारी थांबली. दोल्मर कानाकिरी हा गावाचा गोलरक्षक. यांत्रिक करवत चालवणारा एकटा गडी, ना बायको ना पोर.

"गुडघा दुखतो म्हणाला होता," कुणीतरी म्हणालं.

"कधीपासून दुखतो?"

सगळे विचार करायला लागले. जुळं झालं त्या दिवसापासून संघ हरत होता.

"त्याची करवतही ऐकू येत नाही आजकाल."

"आमच्याकडे जेवायला आला तर पिरान्या मासा नको म्हणाला. नुसतं केळं खाल्लं."

"पथ्य पाळतोय," ऑर्फेलिंदा हळूच म्हणाली. "मेला पथ्य पाळतोय!"

दोल्मरला त्याच्या घरातून पाय धरून ओढत आणलं, तेव्हा घराच्या शिडीच्या प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटलं. ऑर्फेलिंदाने वल्हं त्याच्या पाठीवर मोडलं. तो बैलासारखा आडदांड, एका थापेत तिला नदीपार केलं असतं. पण त्याने हात वर केला नाही, नुसता तोंडापुढे धरला.

"मार की उलटून!" विलेर ओरडला.

"मला हात उचलता येत नाही," दोल्मर म्हणाला. मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

मैदानाच्या कडेलाच ऑर्फेलिंदाचं घर. तिथून निल्दाचा आवाज आला. "पूर आला होता तेव्हा तुम्ही सगळे छपरांवरच होता ना? मीही एका छपरावर होते. ते छप्पर त्याचं होतं. एलिसेओ लाकूडतोडीला गेला होता. झालं समाधान?"

"बाप आहे म्हणजे यानेच पिचिको मारला," ऑर्फेलिंदा म्हणाली.

"अहो, पथ्य पाळतो म्हणजे नाही मारला!" दोल्मर म्हणाला. त्याने शर्ट वर केला. पाठ, पोट, दंड, सगळीकडे गांधी उठल्या होत्या. "डास चावले तेसुद्धा मारले नाहीत. बघा!"

मुद्दा बिनतोड होता, पण मुद्दा ऐकायचा कुणाचा मूड नव्हता. विलेरच्या टोपीला पिचिकोची जुनी शेपटी लावलेली होती. ती जाळून दोल्मरकडून मुलाला धुरी देववली. दोल्मरचा खालचा ओठ लोंबत होता, धूर फुंकताना मुलाच्या पोटावर रक्ताचे थेंब पडले. मुलगा निळा पडला.

"शेपटी भलतीच आहे," रुपेर्तो म्हणाला. "खरा पिचिको पाहिजे."

"खरा कुठे टाकलास? बोल!"

दोल्मरला त्याच्याच गोलच्या खांबाला बांधलं. एकाने टोपलीभर काळ्या मुंग्या आणल्या, ज्यातली एक चावली तर धडधाकट माणूस दिवसभर तापाने कण्हतो. त्या त्याच्या शर्टात ओतल्या. दोल्मर किंचाळला, तेव्हा नदीपलीकडचे कुत्रे भुंकायला लागले. त्याचं अंग दोरात वेडंवाकडं होत होतं. विलेरलाच शेवटी बघवेना. तो पुढे झाला आणि शर्टावरून थापट्या मारून मुंग्या चिरडायला लागला.

"मारू नकोस!" दोल्मर ओरडला. "माझ्या अंगावर मारू नकोस रे! पोरांना लागेल!"

पोरांना. तो दोघांचंही पथ्य पाळत होता.

एलिसेओ तिथून निघाला. पळत नव्हता, पण थांबतही नव्हता. घरासमोर आला तर शेंगांच्या झाडावर तो उरलेला नर दिसला. बाकीचं कुटुंब कधीच पुढच्या झाडांवर गेलं होतं आणि तिकडून शिट्ट्या मारत होतं. हा मागे राहिला होता. एवढ्याशा पाठीवर दोन्ही पिल्लं. खांद्याची हाडं वर आली होती. पुढच्या फांदीचं अंतर फार नव्हतं. त्याने अंदाज घेतला, मागे सरला, पुन्हा अंदाज घेतला.

ससाण्याचा आवाज आलाच नाही, नुसती सावली आली. नराने आंधळी उडी मारली आणि फांदी पकडली. पकडली तेव्हा पाठीवर एकच पिल्लू होतं. वरून दोनचार केस तरंगत खाली आले. मग एक थेंब आला, तो एलिसेओच्या हातावर पडला. नर मागे वळून रिकाम्या हवेकडे बघत शिट्टी मारत राहिला, मारतच राहिला.

एलिसेओने केळीचा खुंट दोन्ही हातांनी उकरला. पिचिकोचं पोट फुगून फुटलं होतं आणि आत अळ्या वळवळत होत्या. एकही अळी दुखावणार नाही अशा बेताने त्याने शेपटी मोडून घेतली, आणि घरात गेला.

"पिचिको मी मारला," तो म्हणाला.

निल्दाने त्याच्याकडे पाहिलं, मग शेपटीकडे. "तू?"

"मी."

"म्हणजे हा तुझा."

"हो."

"आणि मुलगी?"

"दोल्मरची."

"कान?"

"कान गावाचे."

निल्दाने उकडलेल्या केळ्यांचं भांडं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. गरम पाणी कानामागून पाठीवर गेलं, कातडी सोलली. मग ती म्हणाली, "बघत काय बसलास? पेटव!"

त्याने शेपटी निखाऱ्यावर धरली. जळक्या मांसाच्या घाणीने घर भरलं. मुलगा खोकला, त्याने अंग ताठ केलं, आणि मग त्याचा आवाज बंद झाला. छातीही हलेना. एलिसेओ फुंकत राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं होतं असं तो नंतर सांगायचा. अचानक मुलाने निल्दाच्या केसांतली मूठ सोडली. एलिसेओचं बोट धरून तोंडात घातलं आणि बोळक्या हिरड्यांनी चावलं. बोटात काही नाही हे कळल्यावर तो साध्या माणसाच्या पोरासारखा भोकाड पसरून रडला. निल्दाने त्याला छातीला लावलं. तो प्यायला.

मैदानावर एलिसेओने दोल्मरच्या दोऱ्या सोडायला घेतल्या, तेव्हा ऑर्फेलिंदाने मोडक्या वल्ह्याचा उरलेला तुकडा त्याच्या बरगड्यांवर मोडला. एक बरगडी आतून वाजली. त्याने हात उचलला नाही.

"मी मारला पिचिको," तो सगळ्यांना म्हणाला. "ह्याने नाही."

मग विलेर, ज्याचे दात या भानगडीत गेले होते, त्याने नम्रपणे विचारलं, की आता तरी त्याने हसलं तर चालेल का.

संध्याकाळी ओट्यावर दोघे शेजारी बसले होते. दोल्मरचं तोंड कलिंगडाएवढं सुजलं होतं, एक डोळा बंद होता, आणि त्याच्या छातीवर मुलगी झोपली होती. एलिसेओ वाकडा बसला होता, बरगडीमुळे सरळ बसता येत नव्हतं. त्याच्या मांडीवर मुलगा होता. आत निल्दा घोरत होती. जुळं झाल्यापासून ती पहिल्यांदा झोपली होती.

"तिचं डोकं असं नाही धरायचं," एलिसेओ म्हणाला. "डाव्या हातावर घे. तिला डाव्या कुशीची सवय आहे."

दोल्मरने डाव्या हातावर घेतलं.

"दमलास की इकडे दे. तिला मी घेतो, याला तू धर."

"बरं."

"पथ्य संपलं की तुझं डोकं फोडणाराय मी."

"बरं," दोल्मर म्हणाला. सुजलेल्या तोंडाने तेवढंच बोलता येत होतं.

नदीवरून डासांचे थवे आले. एक टपोरा डास एलिसेओच्या नाकावर येऊन बसला आणि सोंड रोवून प्यायला लागला. एलिसेओचे डोळे तिरळे झाले. हात आपोआप उठला, आणि मुलाच्या डोक्याशी थांबला.

दोल्मर एका डोळ्याने बघत होता. तो जवळ वाकला, फाटका ओठ कसाबसा गोल केला, आणि एलिसेओच्या नाकावर हळूच फुंकर मारली. डास उडाला.

"फुंकरीला पथ्य नाही," तो म्हणाला.